आपल्या फोनमधली इतरांची माहिती

समाजमाध्यमांवरील गोपनीयतेचा विषय निघाला की चर्चा बहुधा स्वतःच्या अकाउंटभोवतीच फिरते. पासवर्ड भक्कम ठेवा, प्रोफाइल सर्वांसाठी खुले ठेवू नका, अनोळखी व्यक्तीची फ्रेंड रिक्वेस्ट स्वीकारू नका, हे सल्ले योग्यच आहेत आणि ते पाळलेही पाहिजेत. पण त्यांतून प्रश्नाची एकच बाजू हाताळली जाते. ज्याच्या फोनमध्ये शेकडो जणांचे नंबर, कित्येक वर्षांच्या गप्पा आणि हजारो फोटो आहेत, त्याच्याजवळ स्वतःपेक्षा इतरांचीच माहिती कितीतरी जास्त असते. काही माहिती त्या माणसांनी विश्वासाने दिलेली असते, तर काही केवळ ती माणसे आपल्या सहवासात आली म्हणून साठलेली असते. त्यांनी स्वतःच्या अकाउंटची कितीही काळजी घेतली, तरी आपल्या अकाउंटवरून आपण काय टाकतो यावर त्यांचा काहीच ताबा नसतो. म्हणूनच, आपल्या हाती असलेली दुसऱ्याची माहिती आपण कशी सांभाळतो, हा समाजमाध्यमांच्या जबाबदार वापराचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे असे मला वाटते, आणि नेमक्या त्याच भागाविषयी सर्वांत कमी बोलले जाते.

हा प्रश्न इंटरनेटबरोबर जन्माला आला असेही नाही. सॅम्युअल वॉरन आणि लुई ब्रँडाइस या दोन अमेरिकी वकिलांनी १८९० मध्ये हार्वर्ड लॉ रिव्ह्यूमध्ये खासगीपणाच्या हक्काविषयी लेख लिहिला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर नव्याने आलेली झटपट छायाचित्रणाची कला आणि लोकांच्या घरगुती आयुष्यात डोकावणारी वृत्तपत्रे होती. मात्र त्या काळी कोणाचे खासगी आयुष्य चव्हाट्यावर आणायचे तर छापखाना लागत असे, संपादक लागत असे आणि मजकूर छापायचा की नाही हे ठरवायला निदान एक रात्र मिळत असे. आज ते अधिकार प्रत्येकाच्या हातात आले आहेत आणि मधली रात्र नाहीशी झाली आहे.

माहिती कोणाला सांगितली होती

खासगीपणा म्हटले की आपण माहितीचे दोन कप्पे करतो: गुपित आणि जाहीर. जे गुपित आहे ते सांगायचे नाही आणि जे चार लोकांना ठाऊक आहे ते कुठेही सांगायला हरकत नाही, असा साधा हिशेब आपण मनाशी बांधलेला असतो. हा हिशेब प्रत्यक्षात टिकत नाही. आपली प्रकृती डॉक्टरांना ठाऊक असते, पगार बँकेला ठाऊक असतो, घरातले ताणतणाव जवळच्या मैत्रिणीला ठाऊक असतात. यांपैकी एकही गोष्ट काटेकोर अर्थाने गुपित नाही, तरीही पगाराचा आकडा मैत्रिणीच्या ग्रुपवर किंवा घरातला ताण कार्यालयात पोहोचला तर आपला विश्वासघात झाला असेच आपल्याला वाटते, आणि ते वाटणे रास्त असते.

हेलन निसेनबाम या अभ्यासक प्राध्यापिकेने २००४ मध्ये या अनुभवाला एक नेटकी चौकट दिली. त्यांच्या मांडणीनुसार प्रत्येक माहिती कुठल्या ना कुठल्या संदर्भात दिली जाते आणि त्या संदर्भाचे न लिहिलेले नियम तिच्याबरोबर येतात. माहिती त्या नियमांना धरून पुढे गेली तर खासगीपणा शाबूत राहतो. त्या नियमांना डावलून दुसऱ्याच संदर्भात गेली तर, ती खरी असली आणि आधी दहा जणांना ठाऊक असली तरी, खासगीपणाचा भंग होतो. समाजमाध्यमांनी नेमकी हीच घडी विस्कटून टाकली आहे. प्रत्यक्ष आयुष्यात आपले नातेवाईक, सहकारी, जुने वर्गमित्र आणि शेजारी वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या ठिकाणी भेटतात, आणि प्रत्येकाशी आपण वेगळे बोलतो. त्यात ढोंग नसते. नात्यांप्रमाणे बोलणे बदलतेच. एका पोस्टखाली मात्र हे सगळे एकाच वेळी हजर असतात.

ही चौकट मला उपयोगी वाटते ती यासाठी की तिच्यामुळे एक रोजच्या वापरातला प्रश्न हाती येतो. काहीही पोस्ट किंवा फॉरवर्ड करण्यापूर्वी 'हे खरे आहे का' याबरोबरच 'हे मला कोणी, कोणत्या नात्याने आणि कोणासाठी सांगितले होते' असे स्वतःला विचारता येते. मैत्रिणीने नोकरी सोडण्याचा विचार आपल्याजवळ बोलून दाखवला असेल, तर तिच्या पोस्टखाली 'नव्या वाटचालीसाठी शुभेच्छा' अशी कमेंट लिहिणे हे प्रेमापोटी असले तरी तिच्या वरिष्ठांना ती बातमी आपणच दिल्यासारखे आहे.

एका फोटोत काय काय असते

शाळेच्या पहिल्या दिवशी दारात उभ्या असलेल्या मुलाचा फोटो घ्या. पाहणाऱ्याला त्यात नवे दप्तर आणि लाजरे हसू दिसते. तोच फोटो जरा मोठा करून पाहिला तर गणवेशावरचे शाळेचे बोधचिन्ह वाचता येते, पाण्याच्या बाटलीवर चिकटवलेले मुलाचे पूर्ण नाव दिसते, दाराशेजारचा घराचा क्रमांक दिसतो आणि मागे उभ्या असलेल्या गाडीची नंबरप्लेटही दिसते. खालच्या ओळीत पालकांनी कौतुकाने वय आणि इयत्ता लिहिलेली असते. यातली एकेक गोष्ट किरकोळ आहे, पण त्या एकत्र आल्या की हे मूल कोण, राहते कुठे, आणि सकाळी कोणत्या शाळेच्या फाटकाशी असते, हे कोणत्याही अनोळखी माणसाला घरबसल्या कळते. हा फोटो त्या मुलाच्या मित्रासह काढलेला असेल, तर आपण दुसऱ्या एका कुटुंबाच्या वतीनेही निर्णय घेऊन टाकलेला असतो.

याशिवाय फोटोच्या फाइलमध्ये डोळ्यांना न दिसणारी माहितीही असते: फोटो कधी काढला, कोणत्या फोनने काढला आणि कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी दिलेली असेल तर नेमक्या कोणत्या अक्षांश-रेखांशावर काढला. २०१२ मध्ये सॉफ्टवेअर व्यावसायिक जॉन मॅकॅफी पोलिसांपासून लपत फिरत असताना व्हाइस या नियतकालिकाने त्यांच्यासोबतचा एक फोटो प्रसिद्ध केला, आणि त्या फाइलमध्ये राहून गेलेल्या निर्देशांकांवरून ते ग्वातेमालात असल्याचे जगाला कळले. फोटो टाकणाऱ्यांना तो ठावठिकाणा उघड करायचा नव्हता. फाइलमध्ये काय आहे हे कोणी पाहिलेच नव्हते. फेसबुक, इन्स्टाग्राम यांसारखी मोठी माध्यमे फोटो इतरांना दाखवताना ही माहिती काढून टाकतात आणि व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला तरी ती निघून जाते. पण तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून किंवा ईमेलला जोडून पाठवला तर ती फाइलसोबत जशीच्या तशी जाते. कॅमेऱ्याची लोकेशनची परवानगी फोनच्या सेटिंगमध्ये बंद करणे हा यावरचा सोपा उपाय आहे. सहलीचे फोटो परत आल्यावर टाकावेत, हा सल्ला घर रिकामे असल्याचे कळू नये म्हणून दिला जातो. सोबत आलेल्यांची घरेही रिकामीच असतात, हे त्यात धरायला हवे.

क्षुल्लक वाटणारे तुकडे जोडले गेले की काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण समाजमाध्यमांच्या आधीचे आहे. लटानिया स्वीनी या संगणकशास्त्रज्ञ अमेरिकेत विद्यार्थिदशेत असताना त्यांनी १९९७ च्या सुमारास नावे काढून टाकलेली वैद्यकीय माहिती आणि मतदारयादी एकमेकांशी ताडून पाहिली आणि मॅसॅच्युसेट्सचे तेव्हाचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांच्या वैद्यकीय नोंदी शोधून काढल्या. जन्मतारीख, लिंग आणि पोस्टाचा पिनकोड एवढ्या तीन गोष्टींवरून अमेरिकेतील सुमारे ८७ टक्के लोक एकमेवपणे ओळखता येऊ शकतात, असा त्यांचा २००० मधील निष्कर्ष आहे. मित्राला वाढदिवसाच्या शुभेच्छा देताना टाकलेले जन्मवर्ष आणि त्याच्या घराच्या पत्त्याचा ओझरता उल्लेख यांचे वजन या निष्कर्षाच्या प्रकाशात वेगळेच दिसू लागते.

चेहऱ्याची गोष्ट तर आणखी पुढची आहे. फेसबुकने नोव्हेंबर २०२१ मध्ये आपली चेहरा ओळखण्याची यंत्रणा बंद करत असल्याचे जाहीर केले, तेव्हा एक अब्जाहून अधिक लोकांचे चेहऱ्यांचे साचे पुसले जातील असे सांगितले होते. ही क्षमता अन्यत्र शिल्लक आहे. खुल्या इंटरनेटवरील फोटो गोळा करून चेहऱ्यावरून माणूस शोधून देणाऱ्या सेवा आज चालू आहेत. त्यामुळे 'नाव कुठे लिहिलेय, फक्त फोटोच टाकलाय' हे समर्थन आता पुरेसे राहिलेले नाही. समूहछायाचित्र टाकण्यापूर्वी त्यातल्या माणसांना विचारणे, ज्यांनी नको म्हटले त्यांचा चेहरा झाकणे किंवा दुसरा फोटो निवडणे, आणि टॅग करण्यापूर्वी वेगळे विचारणे, एवढे तर करता येतेच. हे वेगळे विचारणे महत्त्वाचे आहे, कारण फोटो काढू देणे, तो ग्रुपवर टाकू देणे, सर्वांना दिसेल असा ठेवू देणे आणि त्याला आपले नाव जोडू देणे या चार निरनिराळ्या संमती आहेत. एक दिली म्हणजे बाकीच्या दिल्या असे होत नाही.

लहान मुलांच्या बाबतीत संमती पालक देतात, आणि पुष्कळदा फोटो टाकणारेही तेच असतात. म्हणजे मुलाच्या बाजूने विचार करणारे दुसरे कोणी उरतच नाही. मे २०२० मध्ये नेदरलँड्समधील एका न्यायालयाने, आईच्या परवानगीशिवाय नातवंडांचे फोटो फेसबुक आणि पिंटरेस्टवर टाकणाऱ्या आजीला ते काढून टाकण्याचा आदेश दिला आणि न काढल्यास दररोज ५० युरो दंड ठरवला. फ्रान्सने फेब्रुवारी २०२४ मध्ये कायदा करून, मुलाच्या प्रतिमेच्या हक्काचे रक्षण करणे हे पालकांचे कर्तव्य असल्याचे स्पष्ट केले. मूल स्वतःचे मत सांगू लागले की, ते अगदी लहान असले तरी, त्याला विचारावे असे मला मनापासून वाटते. अंघोळीचा, रडण्याचा, आजारपणाचा किंवा नापास झाल्याचा प्रसंग त्याच्या पंधराव्या वर्षी त्याच्या वर्गातल्या कोणाला सापडला तर त्याचे काय होईल, एवढा विचार केला तरी पुष्कळसे फोटो आपोआप घरच्या अल्बमपुरते राहतील.

गप्पा, स्क्रीनशॉट आणि फॉरवर्ड

व्हॉट्सअॅपने एप्रिल २०१६ मध्ये सर्व संभाषणांना संपूर्ण कूटबद्धता लागू केली. याचा अर्थ असा की मेसेज पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूपबंद होतो आणि थेट घेणाऱ्याच्या फोनवरच उघडतो. वाटेत कंपनीलाही तो वाचता येत नाही. ही फार मोलाची सोय आहे, पण ती वाटेतल्या चोरापासून रक्षण करते, मुक्कामावरच्या माणसापासून नाही. मेसेज उघडल्यावर घेणारा त्याचे काय करतो यावर कोणत्याही गणिताचा लगाम नाही. आपोआप नाहीसे होणारे मेसेज किंवा एकदाच पाहता येणारे फोटोसुद्धा दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्याने सहज टिपता येतात. म्हणजे शेवटचे कुलूप घेणाऱ्याची सचोटी हेच असते.

स्क्रीनशॉट पाठवताना आपण बहुतेक वेळा नाव कापतो आणि काम झाले असे समजतो. प्रत्यक्षात कोपऱ्यात प्रोफाइलचा गोल फोटो राहिलेला असतो, मेसेजची वेळ राहिलेली असते, मध्येच दुसऱ्या कोणाचा उल्लेख राहिलेला असतो, आणि हे सगळे काढले तरी त्या माणसाची लिहिण्याची ढब राहते. ज्या वर्तुळात तो स्क्रीनशॉट फिरतो तिथे तेवढ्यावरूनही माणूस ओळखला जातो. शिवाय स्क्रीनशॉटमध्ये आधीचे आणि नंतरचे बोलणे नसते. रागाच्या भरात लिहिलेले वाक्य दिसते, त्यापुढे दहा मिनिटांनी मागितलेली माफी दिसत नाही. अलीकडे दुसऱ्याचा मेसेज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चॅटबॉटमध्ये टाकून 'याला काय उत्तर देऊ' असे विचारण्याची सवयही वाढते आहे. तिथेही तो मजकूर एका तिसऱ्या ठिकाणी पोहोचतोच, तेव्हा नावे, नंबर आणि ओळख पटेल असे तपशील काढूनच तो टाकावा.

फॉरवर्डच्या बाबतीत कंपन्यांनीही थोडा लगाम घातला आहे. व्हॉट्सअॅपने २०१९ मध्ये एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा जगभर लागू केली आणि एप्रिल २०२० मध्ये, अनेकदा फॉरवर्ड झालेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असा बदल केला. मात्र हरवलेल्या व्यक्तीचा फोटो, मदतीसाठी दिलेला घरचा पत्ता, रक्तदात्याचा नंबर असे मेसेज मूळ काम झाल्यावरही वर्षानुवर्षे फिरत राहतात. माणूस सापडून घरी परतलेला असतो आणि त्याच्या फोटोसह 'बेपत्ता' ही ओळख मात्र मागे लागलेली असते. असा मेसेज आपण तयार करत असू तर त्यात तारीख घालावी, घरच्या नंबरऐवजी तपास करणाऱ्या पोलीस ठाण्याचा नंबर द्यावा, आणि काम झाले की त्याच ग्रुपवर तसे कळवावे.

बातमी कोणाची

आजारपण, गर्भारपण, गर्भपात, घटस्फोट, नोकरी जाणे, मृत्यू या बातम्यांचा एक मालक असतो, आणि ती कधी, कोणाला, कोणत्या शब्दांत सांगायची हे ठरवण्याचा पहिला हक्क त्याचा असतो. समाजमाध्यमांवर हा हक्क सर्वाधिक वेळा मोडतो तो दुष्टपणाने नव्हे, जिव्हाळ्याने. रुग्णालयात भेटायला गेलेला माणूस नळ्या लावलेल्या रुग्णाचा हात हातात घेतलेला फोटो टाकतो आणि प्रार्थना करण्याचे आवाहन करतो. त्याचा हेतू खरोखर चांगला असतो. पण त्या रुग्णाला आपली अशी अवस्था परिचितांनी पाहावी असे वाटत होते का, हे कोणी विचारलेले नसते, आणि उत्तर देण्याच्या स्थितीत तो नसेल तर उत्तर 'नाही' असेच धरायला हवे. बेशुद्ध किंवा वेदनेत असलेल्या माणसाला फोटोला नकार देता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने इतरांनी नकार द्यायचा असतो.

मृत्यूच्या बाबतीत घाई सर्वांत क्रूर ठरते. श्रद्धांजलीची पोस्ट टाकण्यात पहिले असण्यात कोणाचेच भले नसते, आणि परगावी असलेल्या मुलाला आईच्या जाण्याची बातमी एखाद्या ओळखीच्याच्या स्टेटसवरून कळणे हा असा घाव आहे की तो पुढे कोणत्याही दिलगिरीने भरून येत नाही. कुटुंबाने स्वतः जाहीर करेपर्यंत थांबणे आणि दरम्यान सांत्वनाचे शब्द खासगी मेसेजने किंवा प्रत्यक्ष भेटून पोहोचवणे, हेच योग्य आहे. अपघातस्थळी काढलेल्या फोटोंना आणि व्हिडिओंनाही हेच लागू आहे. तपासाला उपयोगी पडेल असे काही टिपले असेल तर ते पोलिसांकडे द्यावे, ग्रुपवर नाही.

दोषी शोधण्याची घाई

कोणीतरी चुकीचे वागताना दिसले की त्याचा व्हिडिओ टाकून 'याला व्हायरल करा' असे लिहिण्यामागे न्यायाचीच भावना असते. या ठिकाणी २०१३ चा बोस्टन मॅरेथॉनचा प्रसंग आठवावा. अमेरिकेतील या शर्यतीत १५ एप्रिलला झालेल्या बॉम्बस्फोटांनंतर रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावर हजारो लोक गर्दीचे फोटो तपासून संशयित शोधू लागले आणि काही काळापूर्वीपासून बेपत्ता असलेल्या एका विद्यार्थ्याचे नाव पुढे आले. त्याचा स्फोटांशी काहीही संबंध नव्हता. आधीच मुलाच्या शोधात असलेल्या कुटुंबावर शिव्याशापांचा वर्षाव झाला. पुढे त्या मुलाचा मृतदेह सापडला, आणि रेडिटच्या व्यवस्थापनाने त्या कुटुंबाची जाहीर माफी मागितली. यात भाग घेतलेल्यांपैकी बहुतेकांना आपण मदत करत आहोत असेच वाटत होते. एकाने शंका घेतली, दुसऱ्याने ती शक्यता म्हणून लिहिली, तिसऱ्याने बातमी म्हणून पुढे पाठवली. कोणा एकाने खोटे रचले नाही, आणि तरी एक निरपराध माणूस जगापुढे दहशतवादी ठरला.

सायनन अराल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायन्स या नियतकालिकात २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ट्विटरवरील सुमारे १,२६,००० बातम्यांचा प्रसार तपासला होता. खोटी बातमी पुन्हा पाठवली जाण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा ७० टक्क्यांनी अधिक असल्याचे त्यांना आढळले. दुरुस्ती मूळ आरोपाइतकी दूर पोहोचत नाही, याचे हे एक कारण आहे.

याचा अर्थ गोपनीयतेच्या नावाखाली अन्याय झाकावा असा मुळीच नाही, आणि ही गोष्ट ठामपणे सांगायला हवी. सत्तेच्या पदावरील व्यक्तीच्या कारभाराविषयी प्रश्न विचारणे हा खासगीपणाचा भंग नव्हे. ज्या व्यक्तीला धमक्या किंवा अश्लील मेसेज येत आहेत, तिने ते स्क्रीनशॉटसह, तारीख-वेळ आणि अकाउंटचे नाव दिसेल असे जपून ठेवावेत, पोलिसांना आणि त्या माध्यमाच्या तक्रार विभागाला द्यावेत आणि हवा तर जाहीर वाच्यताही करावी. त्रास देणाऱ्याने 'तू आपले खासगी बोलणे उघड केलेस' असे म्हणणे हा कांगावा आहे. मात्र तक्रार करणे वेगळे, आणि एखाद्याचा घरचा पत्ता, नंबर, मुलांची शाळा शोधून लोकांना त्याच्या दारी पाठवणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात शिक्षा सुनावणारा, ती देणारा आणि ती किती द्यायची हे ठरवणारा कोणीच जबाबदार नसतो, आणि ती त्या माणसाच्या कुटुंबालाही भोगावी लागते.

कोणाचे नग्न किंवा लैंगिक स्वरूपाचे खासगी फोटो संमतीवाचून पसरवणे हा अनेक देशांत सरळ गुन्हा आहे, आणि असा फोटो आपल्याकडे आल्यावर तो पुढे पाठवणाराही त्यात सामील होतो. ज्याच्यावर ही वेळ आली आहे त्याला पुष्कळदा माहीत नसलेला एक उपाय आहे. 'स्टॉप एनसीआयआय' ही विनामूल्य सेवा डिसेंबर २०२१ पासून चालू आहे. तिच्या संकेतस्थळावर आपण आपल्याच फोनमधला फोटो निवडतो. त्या फोटोवरून अंक-अक्षरांची एक ओळ तयार होते, जी बोटाच्या ठशासारखी त्या फोटोची ओळख पटवते पण जिच्यावरून फोटो पुन्हा तयार करता येत नाही. फोटो फोनमध्येच राहतो, फक्त ती ओळ सहभागी माध्यमांकडे जाते, आणि तिच्याशी जुळणारा फोटो कोणी तिथे टाकू पाहिला तर तो अडवला जातो. अठरा वर्षांखालील मुलांसाठी अशाच तत्त्वावर चालणारी 'टेक इट डाउन' ही वेगळी सेवा आहे.

संपर्कयादी आणि कायदा

नवे अॅप उघडताच ते 'संपर्क वापरू का' असे विचारते आणि आपण 'हो' म्हणतो. त्या एका शब्दात डॉक्टर, वकील, मुलांचे शिक्षक, जुने शेजारी अशा सर्वांचे नंबर, त्यांना आपण दिलेल्या नावांसह, एका कंपनीकडे पोहोचतात. त्यांतल्या ज्यांनी ते अॅप जाणीवपूर्वक टाळले होते त्यांचेही. २०१८ मध्ये उघडकीस आलेल्या, केंब्रिज अॅनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीच्या प्रकरणात एक व्यक्तिमत्त्व-चाचणीचे अॅप सुमारे तीन लाख लोकांनी घेतले होते, पण त्यांच्या मित्रयादीतून माहिती ओढली गेल्यामुळे फेसबुकच्या स्वतःच्या अंदाजाप्रमाणे ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती बाहेर गेली. त्यांतल्या बहुसंख्यांनी काहीही केले नव्हते. त्यांच्या एखाद्या मित्राने गंमत म्हणून प्रश्नावली सोडवली होती. संपर्कांची परवानगी नाकारली तरी बहुतेक अॅप चालतात, आणि नव्या आयफोनवर संपूर्ण यादीऐवजी निवडक नावेच देण्याची सोयही आहे.

कायद्याचे सांगायचे तर भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले, आणि युरोपीय संघाचा माहितीसंरक्षणाचा व्यापक नियम २५ मे २०१८ पासून लागू झाला. हे कायदे मुख्यतः सरकारे आणि कंपन्या यांना बांधतात. घरगुती, वैयक्तिक वापराला बहुतेक ठिकाणी सूट असते. ती सूट किती ताणता येते याचा निकाल युरोपीय न्यायालयाने नोव्हेंबर २००३ मध्येच दिला होता. स्वीडनमधील चर्चमध्ये सेवा करणाऱ्या एका स्त्रीने आपल्या संकेतस्थळावर सहकाऱ्यांची नावे, काहींचे फोन नंबर आणि एकीच्या पायाला दुखापत झाल्याचे हलक्याफुलक्या भाषेत लिहिले होते. न्यायालयाने म्हटले की इंटरनेटवर कोणालाही वाचता येईल असे लिहिणे घरगुती सवलतीत बसत नाही, आणि पायाची दुखापत ही आरोग्यविषयक, म्हणजे विशेष जपण्याची माहिती आहे. आज आपण दिवसभरात लिहितो त्यातले कितीतरी या मापाने मोजता येईल. मे २०१४ मध्ये त्याच न्यायालयाने, नावाने शोधल्यावर येणारे जुने, आता गैरलागू झालेले दुवे काढून टाकण्याची मागणी सर्च इंजिनकडे करता येते असे ठरवले. पण त्या निकालानेही मूळ पान पुसले जात नाही, फक्त तिथे नेणारी एक वाट बंद होते.

म्हणूनच कोणी आपल्याला 'तो फोटो काढून टाक' असे सांगितले तर कारण विचारत बसू नये. कारण सांगायला लावणे म्हणजे त्या व्यक्तीला आणखी काहीतरी खासगी उघड करायला लावणे असते. पोस्ट काढावी, मग तो फोटो स्टोरी, हायलाइट, स्टेटस, इतर ग्रुप आणि क्लाउडवरचा सामायिक अल्बम यांत राहिला आहे का ते पाहावे. व्हॉट्सअॅपवर 'सर्वांसाठी डिलीट करा' हा पर्याय साधारण दोन दिवसांपर्यंतच चालतो आणि ज्यांच्या फोनमध्ये फोटो आधीच उतरला आहे त्यांच्याकडून तो जाईलच असे नाही, तेव्हा ज्यांनी तो पुढे पाठवला असेल त्यांना स्वतः मेसेज करून काढायला सांगावे. कुठून काढला आणि कुठे अजून राहिलेला असू शकतो, हे त्या व्यक्तीला जसे आहे तसे कळवावे, म्हणजे उरलेल्या ठिकाणी तक्रार करायची की आणखी काही करायचे, हे तिला ठरवता येईल.